आरव्हीच्या गॅसवर बाहेरची कॅम्प शेगडी जोडली तर ज्योत का येत नाहीये?

चाकावरचं_बिऱ्हाड

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत असतो, ह्या वर्षी आरव्ही (चाकांवरचं घर) म्हणून गाडीमागे ओढायचा एक जुना ट्रॅव्हल ट्रेलर घेतलाय, पुढच्या दांड्यावर २० पाउंडांचे दोन प्रोपेन सिलिंडर आहेत. आतमध्ये तीन बर्नरची शेगडी आहे आणि ती मस्त चालते पण प्रॉब्लेम असा की आत नुसती लसणाची फोडणी दिली तरी स्मोक अलार्म बोंबलायला लागतो आणि बोंबील तळले की पुढचे चार दिवस पडदे, उशा, मुलांची जॅकेटं सगळ्याला वास. म्हणून ठरवलं की तळण आणि फोडणीचं सगळं बाहेर.

आमच्याकडे कोलमनची ती हिरवी दोन बर्नरची घडीची शेगडी आहे, जिला १ पाउंडाचा छोटा हिरवा डबा लागतो. ट्रेलरच्या दाराच्या बाजूला खाली गॅसचं एक क्विक कनेक्ट (नळी झटकन लावायचं जोड) आधीपासून आहे, छोटी चावी आहे त्याला. मग ऑनलाइन एक नळी मागवली, एका टोकाला क्विक कनेक्ट, दुसऱ्या टोकाला शेगडीच्या रेग्युलेटरचे आटे बसतील असं. सगळं नीट बसलं, साबणाचं पाणी लावून बघितलं, कुठे बुडबुडे नाहीत. पण ज्योत म्हणजे निरांजनाएवढी. कुकर ठेवला तर अर्धा तास झाला तरी शिट्टीचं नाव नाही. तीच शेगडी छोट्या डब्यावर लावली की दणकून पेटते, म्हणजे शेगडी चांगली आहे.

नवरा म्हणतोय शेगडीचा रेग्युलेटर काढून टाकू आणि नळी डायरेक्ट लावू. मला ते काही पटत नाहीये. शेजारच्या साइटवरचे एक आजोबा म्हणाले की टी लाव, पण कुठे, कसली ते विचारायच्या आत ते निघून गेले. ऑक्टोबरमध्ये व्हर्जिनियातल्या शेनंडोआ नॅशनल पार्कला जायचंय, आमच्याबरोबर अजून दोन फॅमिली आहेत, तोपर्यंत हे मार्गी लागलं तर बरं. कोणी केलंय का हे?

जुगाडू_जयसिंगपूरकर

नवरा बरोबर बोलतोय 😄 रेग्युलेटर काढा, आणि तरी ज्योत कमी वाटली तर जेटचं (बर्नरला गॅस सोडणारी बारीक तोटी) भोक बारीक ड्रिल बिटने जरासं मोठं करा. यूट्यूबवर ढिगाने व्हिडिओ आहेत. पाच मिनिटांचं काम.

नाना_ह्यूस्टन

जयसिंगपूरकर, कृपा करून असले सल्ले देऊ नका. अनोळखी माणसं वाचतात आणि करून बसतात.

ताई, तुमची शेगडीही चांगली आहे, नळीही चांगली आहे, दोघींचं फक्त जमत नाही. कारण सांगतो, जरा लांबण लागेल.

आपल्या घरी भारतात काय असतं ते आठवा. रेग्युलेटर सिलिंडरच्या डोक्यावर बसतो, तिथून नळी ओट्यावरच्या शेगडीला येते आणि शेगडीला स्वतःचा रेग्युलेटर नसतो. त्या रेग्युलेटरमधून बाहेर पडणारा दाब साधारण ३० मिलीबार. आरव्हीत अगदी हीच व्यवस्था आहे. सिलिंडरजवळ रेग्युलेटर, तो दाब उतरवून ११ इंच वॉटर कॉलमवर आणतो, म्हणजे साधारण २७ मिलीबार, पीएसआयमध्ये (दर चौरस इंचाला किती पाउंड दाब) सांगायचं तर ०.४ च्या आसपास. आतली शेगडी, फर्नेस, वॉटर हीटर, फ्रिज सगळं ह्याच दाबावर चालतं. आणि तुमच्या दाराजवळचं ते क्विक कनेक्ट पण ह्याच लाइनवर आहे, म्हणजे तिथे येणारा गॅस आधीच दाब उतरवलेला आहे.

कॅम्प शेगडीची गोष्ट उलटी. ती बनवलीय थेट डब्यावर लावायला. डब्यात आणि मोठ्या सिलिंडरमध्ये प्रोपेनचा दाब सारखाच असतो हे लक्षात घ्या, डबा छोटा म्हणून दाब कमी असं काही नसतं, तो तापमानावर ठरतो. २१ अंश सेल्सिअसला साधारण ११० पीएसआय, उन्हात तापला की अजून वर जातो. एवढा दाब कमी करायला शेगडीच्या त्या वाकड्या पाइपवर तिचा स्वतःचा रेग्युलेटर आहे. तो ११० ची वाट बघत बसलाय आणि तुम्ही त्याला देताय ०.४. मग पुढे काय जाणार, निरांजनच पेटणार.

आता रेग्युलेटर काढला तर? शेगडीचा रेग्युलेटर दाब उतरवतो तो काही ०.४ पर्यंत नाही, त्याच्या बराच वर ठेवतो, आणि जेटचं भोक त्या जास्त दाबाच्या हिशोबाने बारीक असतं. दाब २५ पट कमी झाला की त्याच भोकातून गॅस साधारण पाचपट कमी येतो. म्हणजे रेग्युलेटर काढूनही ज्योत मरतुकडीच राहणार, वर हवा नीट ओढली जात नाही म्हणून पिवळी पडणार आणि भांडी काळी होणार. मग माणूस ड्रिल घेऊन बसतो. जेट घरी ड्रिल करून ते भोक गोल आणि सरळ राहील ह्याची खात्री काय?

आणि खरा धोका तर पुढेच आहे. समजा जमलं तुम्हाला, शेगडी आरव्हीवर चालायला लागली. दोन वर्षांनी ती शेगडी कुणा मित्राने पिकनिकला मागून नेली, त्याने बिचाऱ्याने कुठूनतरी अडॅप्टर मिळवून सिलिंडरला लावली. आता मध्ये रेग्युलेटरच नाही. अख्खा ११० पीएसआय मोठ्या केलेल्या जेटमधून बाहेर. मी पुढे लिहीत नाही.

सिलिंडरपासून बर्नरपर्यंतच्या वाटेत दाब उतरवणारी व्यवस्था एकदाच यायला हवी, आणि जेट त्याच दाबाचा हवा. तुमच्याकडे ती दोनदा येतेय, नवऱ्याच्या उपायात एकदाच येईल पण जेट चुकीचा राहील.

फोडणीची_राणी

नाना, आजपर्यंत कुणी एवढं सोपं करून सांगितलं नव्हतं. आमच्याकडे पण सेम निरांजन 😂 आम्ही वाऱ्याला दोष देत होतो.

चाकावरचं_बिऱ्हाड

नाना खूप धन्यवाद, नवऱ्याला वाचायला दिलं, तो गप्प आहे. मग आता पर्याय काय? त्या आजोबांची टी म्हणजे हेच का की आरव्हीच्या रेग्युलेटरच्या आधीच गॅस घ्यायचा?

पावसातला_सिएटलकर

हो तेच. मी हे लावलंय म्हणून सांगतो. पितळी टी मिळते, आरव्हीच्या सामानाच्या दुकानात किंवा ऑनलाइन, ‘फोर पोर्ट प्रोपेन टी’ असं शोधा. ती सिलिंडरची चावी आणि आरव्हीकडे जाणारी छोटी नळी (पिगटेल म्हणतात तिला) ह्यांच्यामध्ये बसते. टीचं एक तोंड सिलिंडरला, एका तोंडाला तुमची पिगटेल, तिसऱ्या तोंडाला छोट्या डब्यासारखेच आटे असतात, तिथून शेगडीची नळी निघते, आणि चौथं तोंड बाहेरून जादा सिलिंडर जोडायला, ते नको असेल तर टोपण घट्ट लावून सोडून द्यायचं. शेगडीची नळी म्हणजे एका बाजूने टीला बसणारी आणि दुसऱ्या बाजूचं टोक हुबेहूब डब्याच्या तोंडासारखं, त्यात शेगडीचा रेग्युलेटर फिरवून बसवायचा. शेगडीला वाटतं आपण डब्यावरच आहोत. तिला हात लावायचा नाही, काही काढायचं नाही.

दोन गोष्टी बघून घ्या. नळी हाय प्रेशरची लागते, तुमची आत्ताची क्विक कनेक्टवाली इथे अजिबात चालणार नाही. आणि ऑर्डर करताना सिलिंडरचं जोड कसलं आहे ते बघा. आजकालच्या सिलिंडरवर बाहेरून जाड आटे असतात, त्यावर प्लास्टिकचा मोठा नट हाताने फिरवून बसतो. पण जुन्या ट्रेलरवर कधीकधी पितळी पीओएल जोड असतं, ते आतल्या आट्यात बसतं आणि आटे उलटे असतात. उलटे म्हणजे घट्ट करायला डावीकडे. हे माहीत नसलं की माणूस सोडवायच्या नादात अजून आवळत बसतो आणि मग म्हणतो गंजलंय.

अजून एक, हाय प्रेशरच्या रबरी नळीत कालांतराने तेलकट चिकट काहीतरी जमतं, रबरातून सुटतं ते, आणि पुढे जाऊन रेग्युलेटर किंवा जेट चोंदतो. त्यामुळे काम झालं की नळी काढून टोकाला टोपण लावून ठेवा आणि वर्ष दोन वर्षांनी बदला. फिल्टर पण मिळतो मध्ये लावायचा.

नाना_ह्यूस्टन

सिएटलकरांनी नीट सांगितलंय. फक्त माझं मत विचाराल तर टी हा तुमच्यासाठी पहिला पर्याय नाही.

कारण तुमचे सिलिंडर पुढच्या दांड्यावर, आणि तुम्ही जेवण करणार दाराजवळ ऑनिंगच्या (बाहेर ओढायचं कापडी छत) बाजूला. म्हणजे अख्ख्या दाबाची नळी बारा पंधरा फूट जमिनीवर पसरणार, त्यावरून मुलं पळणार, कुणीतरी खुर्ची ओढणार, कुत्रा असेल तर तो चावणार. तीन फॅमिली म्हटल्यावर विचारायलाच नको. त्यापेक्षा एक वेगळा सिलिंडर घ्या, २० पाउंडांचा घ्या किंवा ५ नाहीतर ११ पाउंडांचे छोटे मिळतात ते घ्या, आणि त्याला डब्याच्या जोडाची हाय प्रेशर नळी लावा. सिलिंडर टेबलाच्या बाजूला सपाट जागी उभा, शेगडी टेबलावर, नळी चार पाच फुटांची. आरव्हीच्या सिस्टिमला हातच लावायचा नाही. प्रवासात मात्र तो सिलिंडर ट्रेलरच्या आत किंवा गाडीच्या बंद डिकीत नको, बाहेर उभा बांधून न्यायचा.

आणि तुम्हाला ते दाराजवळचं क्विक कनेक्टच वापरायचं असेल, कारण ते खरोखर सोयीचं आहे, तर त्यासाठी लो प्रेशरची शेगडी वेगळी मिळते. तिला रेग्युलेटर नसतोच, जेट मुळातच मोठा, क्विक कनेक्टला लावली की झालं. ती मात्र कधीही सिलिंडरला किंवा डब्याला थेट लावायची नाही, वर सांगितलं तेच कारण. त्या शेगडीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, नवऱ्याचं अक्षर चांगलं असेल तर त्याला लिहू दे.

फोडणीची_राणी

पण नाना डबेच वापरले तर काय बिघडतं? आम्ही खोक्याने आणून ठेवतो.

नाना_ह्यूस्टन

बिघडत काही नाही, परवडत नाही. १ पाउंड प्रोपेनमध्ये साधारण २१,६०० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) ऊर्जा. दोन बर्नरची शेगडी दोन्ही बर्नर फुल धरून तासाला २०,००० खाते. म्हणजे डबा तासाभरात संपला. एक वरणभाताचा कुकर, एक भाजी, चहा दोनदा आणि डबा गेला. २० पाउंडांचा भरलेला सिलिंडर त्याच हिशोबाने वीसेक तास फुल आचेवर चालतो. एक मात्र बघा, दुकानाबाहेर जाळीच्या कपाटात ठेवलेले रिकामा द्या भरलेला घ्या वाले सिलिंडर असतात त्यात बऱ्याचदा १५ पाउंडच गॅस असतो. भरून देणाऱ्याकडून भरून घेतलेला बरा. तोही तुमच्या डोळ्यासमोर ८० टक्क्यांपर्यंतच भरतो, त्यात फसवणूक नाही, वर प्रसरणाला जागा ठेवावीच लागते.

आणि रिकामे डबे परत भरायचं अडॅप्टर मिळतं, त्याच्या नादी लागू नका. तो एकदाच वापरायचा डबा आहे, पुन्हा भरून नेला तर ५ लाख डॉलरपर्यंत दंड आणि ५ वर्षं कैद असं डब्यावरच छापलंय, बारीक अक्षरात, कुणी वाचत नाही. पुन्हा भरायचेच असतील तर त्यासाठी बनवलेले वेगळे डबे येतात. कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२८ पासून हे फेकायचे डबे विकायलाच बंदी आहे.

फिनिक्सचा_उन्हाळा

मध्येच विचारतो, आम्ही मोटरहोम भाड्याने घेऊन ग्रँड कॅन्यनला चाललोय, साउथ रिमला. आईबाबा आलेत पुण्याहून, बाबांना रोज सकाळी बाहेर बसून चहा करायचाय. त्या गाडीला सिलिंडर कुठे दिसतच नाहीये. टी कुठे लावायची?

पावसातला_सिएटलकर

कुठेच नाही लावायची 🙂 मोटरहोमला बहुतेक वेळा टाकी गाडीच्या खाली चासीला कायमची बसवलेली असते, ती काढून नेता येत नाही, गाडीच घेऊन जायचं भरायला. आणि भाड्याच्या गाडीच्या गॅस लाइनला हात लावणं म्हणजे डिपॉझिट गेलंच समजा. चहापुरतं असेल तर एक छोटी शेगडी आणि दोन चार डबे न्या. ब्युटेनची स्टोव्ह नेऊ नका, साउथ रिम ७००० फुटांवर आहे, पहाटे थंडी असेल तर ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचंच थांबतं. प्रोपेनला तो त्रास नाही, ते उणे ४२ पर्यंत उकळतं. चहा मात्र तिथे जास्त वेळ उकळावा लागेल, पाणीच ९३ अंशांच्या आसपास उकळतं. आईंना सांगा डाळीला कुकर हवाच.

फिनिक्सचा_उन्हाळा

धन्यवाद! बाबा विचारताहेत की पावसाळी हवा असेल तर शेगडी आत टेबलावर ठेवून चहा केला तर चालेल का.

नाना_ह्यूस्टन

नाही. बाबांना माझा नमस्कार सांगा आणि नाही सांगा. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नसतो. आत आतलीच शेगडी, तीही वरचा पंखा लावून आणि खिडकी उघडून. आणि गाडीत जमिनीलगत एक गॅसचा अलार्म असतो, प्रोपेन हवेपेक्षा जड म्हणून तो खाली बसवलेला असतो, त्याच्यासमोर बॅगा रचू नका.

टोलनाका

बिऱ्हाडताई, शेगडीचं झालं, आता रस्त्याचं ऐका. न्यू जर्सीहून ९५ नंबरच्या हायवेने खाली येणार असाल तर बाल्टिमोरच्या हार्बर टनेल आणि फोर्ट मॅकहेन्री टनेलमधून एवढे प्रोपेनचे सिलिंडर नेता येत नाहीत, १० पाउंडांच्या वरच्या सिलिंडरला मनाई आहे. पूर्वी लोक की ब्रिजवरून वळसा घालायचे, तो मार्च २०२४ मध्ये जहाज धडकून पडला. आता शहराभोवतीच्या ६९५ हायवेची पश्चिमेकडची बाजू धरायची. पण मी म्हणतो बाल्टिमोरला जायचंच कशाला, ७८ ने पेनसिल्व्हेनियातून जाऊन ८१ पकडा, ट्रकची गर्दी असते पण ट्रेलरला बरा रस्ता आहे. आणि बिग मेडोज कॅम्पग्राउंड असेल तर फ्रंट रॉयलकडून स्कायलाइन ड्राइव्हने येताना मेरीज रॉकचा बोगदा लागतो, उंची १२ फूट ८ इंच. वरच्या एसीसकट ट्रेलरची उंची आधी मोजा. शंका असेल तर सरळ स्विफ्ट रन गॅपकडून वर चढा, तिकडून तो बोगदा लागतच नाही.

चाकावरचं_बिऱ्हाड

अरे हे तर कुणीच सांगितलं नव्हतं, खूपच उपयोगी! बिग मेडोजच आहे.

नाशिकचा_भटक्या

इथे वाचता वाचता माझं कोडं सुटलं. मेव्हण्याने अमेरिकेहून अशीच हिरवी शेगडी आणून दिली होती, मी तिला इथल्या ५ किलोच्या सिलिंडरवर, नेहमीचा रेग्युलेटर लावून, गल्लीतल्या मिस्त्रीकडून जोड बनवून चालवायला गेलो, ज्योतच नाही. मेव्हण्याला आम्ही वर्षभर चायना माल म्हणून चिडवतोय. म्हणजे इथेही तोच घोळ ना, रेग्युलेटर दोनदा?

नाना_ह्यूस्टन

तोच. आणि आता मिस्त्रीला रेग्युलेटरशिवाय जोड बनवायला सांगू नका. आपल्याकडच्या गॅसमध्ये प्रोपेन ब्युटेन मिसळलेलं असतं, जोडाचे आटे वेगळे, आणि मिस्त्रीने बनवलेल्या जोडावर अख्खा दाब सोडायचा म्हणजे कठीण आहे. तिथे दोन बर्नरची साधी शेगडी मिळते, ती न्या ट्रेकला. मेव्हण्याची माफी मागा.

जुगाडू_जयसिंगपूरकर

बरं नाना, ड्रिल ठेवलं कपाटात. पण एक शंका आहे, माझ्या ग्रिलची ज्योत मोठ्या सिलिंडरवर कधीकधी एकदम बारीक होते, डबल रेग्युलेटर वगैरे काही नाही, नळी पण कंपनीचीच. मग हे का?

नाना_ह्यूस्टन

सिलिंडरची चावी झटक्यात उघडता का? ग्रिलची चावी आधीच चालू असेल आणि सिलिंडरची एकदम उघडली तर जोडातली सुरक्षेची सोय समजते की नळी तुटलीय, आणि गॅस अडवते, थोडासाच सोडते. ग्रिलच्या सगळ्या चाव्या बंद करा, सिलिंडर बंद करा, नळी काढून मिनिटभर थांबा, परत लावा आणि सिलिंडर हळूहळू उघडा, मग ग्रिल पेटवा. आरव्हीलाही हेच लागू आहे.

चाकावरचं_बिऱ्हाड

मंडळी, ठरलं. ११ पाउंडांचा वेगळा सिलिंडर आणि पाच फुटांची नळी मागवलीय, क्विक कनेक्टवाली परत पाठवतेय. शेवटचा प्रश्न, सिलिंडरवरचा तो प्लास्टिकचा नट पान्याने आवळायचा का? नवरा पाना घेऊन तयार आहे.

नाना_ह्यूस्टन

हाताने. पाना लावला की प्लास्टिक तडकतं आणि आतलं रबराचं सील दबतं. हाताने घट्ट, मग चावी हळू उघडून साबणाचं पाणी दोन्ही टोकांना, आणि हे दर वेळी जोडल्यावर करायचं. बुडबुडे आले तर बंद करून काढा आणि परत बसवा, तरी आले तर नळी बदला. पिठलं करणार असाल तर वारा अडवायला शेगडीचे दोन्ही बाजूंचे पत्रे उभे करा, पण चारी बाजूंनी फॉइल लावून शेगडी बंदिस्त करू नका, नळी आणि रेग्युलेटर तापतात.